मांजरपाटावरच्या सावल्या

७ मार्च १९९९

आज परत एक मामा माझ्या लाइटात आला! नवरा हार घालतोय, नवरी मान खाली घालून उभी, सगळं कसं छान जमलेलं — आणि हे महाशय मध्येच. पाठ कॅमेऱ्याकडे, हातात आइस्क्रीम. नवरीच्या तोंडावर मामांच्या टकलाची सावली. आणि रत्नदीप ओरडला कोणावर? माझ्यावर. लाइट वर घे म्हणे. आणखी किती वर घेऊ? मी काय विजेचा खांब आहे?

(चारचौघांत 'अहो' आणि 'हे'. वहीत रत्नदीप. वहीत तरी बरोबरीने बोलू दे.)

लग्नाला तीन वर्षं झाली. तीन वर्षं हा हॅलोजन हातात. शहापूर तालुक्यात मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही, 'लाइटवाली वहिनी' म्हणतात. दोन साड्या जळल्या, एकदा केस जळले. कॅमेरा एकदा तरी माझ्या खांद्यावर दे म्हटलं की म्हणतो, जड आहे. हॅलोजन काय कापसाचा आहे?

आणि हळदीचं शूटिंग! खोलीत पंधरा बायका हसत-खिदळत असतात. रत्नदीप कॅमेरा घेऊन दारात आला की सगळ्यांचे पदर डोक्यावर, माना खाली, जशा काही मयताला बसल्यात. नंतर कॅसेट बघून म्हणतात, आमच्या हळदीत मजाच नाय आली. अगो, आली होती! मी होते ना तिथे. मी काढली असती. तेवढंच मागते — हळद माझी, बाकी लग्न तुझं.

१३ मार्च

आजी आल्या. रत्नदीपच्या वडलांची आई, चिमाबाई. गाव मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला. दिराने घराची कौलं उतरवलीत, छप्पर होईपर्यंत आमच्याकडे. दोन एसट्या बदलून आल्या, पण दमल्याचं नाव नाही. उंची माझ्या खांद्याएवढी. बोलणं मोजकं. मी कसाऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, मला गावची माणसं जरा कमीच कळतात. पण ही म्हातारी मला आवडते. उगाच सुनेला सल्ले देत नाही.

१४ मार्च

आज किन्हवलीला लग्न होतं. आजींना एकट्या कुठे ठेवायचं, म्हणून सोबत नेलं. आणि काय सांगू!

मांडवभर माणसं. माझ्या लाइटात आज नवऱ्याचा भाऊ आला, दोन मावश्या आल्या, बँडवाला आला, एक कुत्रं आलं. आजी पूर्ण दिवस इकडून तिकडे फिरत होत्या, पाणी दे, पत्रावळ उचल, पोर घे — एकदा म्हणून लाइटात आल्या नाहीत! मी मुद्दाम लक्ष ठेवलं. मी लाइट डावीकडे फिरवला की त्या उजवीकडून जातात. मी वळले की त्या थांबतात. न बघता! डोळे जमिनीकडे. पंगतीत वाढत होत्या, मागून माझा हॅलोजन, पण एकाही पानावर त्यांची सावली नाही. ताटकळत उभ्या राहतील, वळसा घालतील, पण मध्ये येणार नाहीत.

तीन वर्षांत असं माणूस पाहिलं नाही. रत्नदीपला सांगितलं तर म्हणतो, तिला कुठे काय कळतंय. तुला तरी कुठे कळतंय!

१६ मार्च

गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी पापड घातलेत. चार चटया. आजी कपडे वाळत घालायला आल्या. चटयांच्या मधून चांगली वाट होती, मी तिथूनच गेले. आजी नाही. बादली घेऊन पार कठड्याकडून, पलीकडून, टाकीला वळसा घालून आल्या. एवढ्या उन्हात! पाय लागेल म्हणून भ्यायल्या असतील. दुसऱ्याच्या वस्तूची किती काळजी. आपल्या वहिनी मात्र माझ्या कपड्यांवरून खुशाल चालत जातात.

२३ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

गावाहून सुंदराताई आल्या. तिथल्या अंगणवाडीत असतात, आमच्या वाडीतल्या महिला मंडळाच्या म्होरक्या. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम यंदा वाडीत न करता गावाच्या मधोमध, शाळेच्या पटांगणात करायचा ठरलाय. सगळं गाव बघायला येणार. पहिल्यांदाच! बायकांनी नाच बसवलाय — पाण्याचा. बायका हंडे घेऊन तळ्यावर येतात, त्यांना अडवतात, त्या मागे फिरतात, परत येतात, आणि शेवटी ओंजळीने पाणी पितात. कुठलं तळं ते आमच्यात कोणाला सांगायला नको.

पण अर्ध्याजणी लाजतात. कोणाचा सासरा पुढे बसणार, कोणाचा जेठ. म्हणून त्यांनीच तोड काढली, पडद्याआड नाचायचं. मागून लाइट, पुढे नुसत्या सावल्या. तोंड दिसत नाय तर लाज कसली! आणि त्याची कॅसेट ठाण्याच्या महिला मेळाव्याला पाठवायची. आवडली तर मेळाव्याच्या स्टेजवर बोलावतात.

सुंदराताई विचारायला आल्या होत्या रत्नदीपला. तर त्या दिवशी त्याला भिवंडीत मोठं लग्न! नाही म्हणता येत नाही. मी आमटीला फोडणी देत होते. तो इकडे तिकडे बघत म्हणाला, जुना कॅमेरा आहे, रश्मीला पाठवतो.

मोहरी जळली. जळू दे!

रात्री जेवताना त्याने अट घातली — ही कॅसेट नीट आली तर हळदीचं शूटिंग तुझं. नाही आली तर परत हा विषय काढायचा नाही. मी म्हटलं, लिहून देऊ का? लिहिलंच आहे आता.

४ एप्रिल

गावात. आजींना पोचवायला आले आणि तालीमही बघितली. शाळेच्या पटांगणात पडदा बांधला. मांजरपाट आणलाय, दोन पट्टे मधोमध शिवून. शिवण बरोबर मध्ये दिसते, पण असू दे.

मी तोऱ्यात दोन हॅलोजन लावले. भरपूर उजेड हवा ना! तर प्रत्येक बाईच्या दोन-दोन सावल्या. चारजणी नाचतायत आणि पडद्यावर बाजार भरलाय. गोदूच्या डोक्यावर दोन हंडे, हात चार. बायका पुढे येऊन बघतात आणि हसून लोळतात. मी ओशाळले. नाचता येईना अंगण वाकडं तसं मी पडद्यालाच नावं ठेवायला लागले होते.

आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. उठल्या, आणि पडद्याच्या मागच्या अंगाने, भिंतीला लागून, एका लाइटाजवळ गेल्या आणि त्यावर पाटी पालथी घातली. सावल्या एकदम शहाण्यासारख्या एकेक झाल्या. म्हणाल्या, एका सूर्याला एकच सावली असते, गो.

त्यांनीच मग सुंदराताईंना सांगितलं, दिव्याजवळ गेलीस तर सावली मोठी नि फिकी होईल, कापडाजवळ आलीस तर बारीक नि काळी. करून बघितलं. खरंच! मी आ वासून बघत राहिले. आजींना हे कोणी शिकवलं? विचारलं तर म्हणाल्या, उन्हात उभं राहून येतं आपोआप.

मी ठरवलं. पौर्णिमेला मी कॅमेऱ्यावर, तर लाइटवर आजी. सुंदराताईंना पटलं. आजींनी मान हलवली.

५ एप्रिल

तीन वर्षं लाइट धरला आणि दोन लाइटांच्या दोन सावल्या होतात एवढं मला माहीत नव्हतं! वहीशिवाय हे कोणाला सांगणार नाही.

११ एप्रिल

परत गावात. आज कॅमेरा खांद्यावर घेऊन पूर्ण नाच काढला. खांदा दुखतोय. दुखू दे.

कॅमेरा अगदी येडा आहे. पांढरा पडदा दिसला की उजेडाने घाबरतो, सगळंच करडं करून टाकतो. त्याची आपोआपची बटणं बंद केली आणि हाताने कमी-जास्त केलं, तेव्हा कुठे सावली काळी कुळकुळीत आली. कापड ओलं केलं की उजेड आरपार येतो हेही कळलं. आता पारू आणि सोमी नाचायच्या आधी बादल्या घेऊन पडदा भिजवतात. पाण्याच्या नाचाला पडदासुद्धा पाणी पितो, असं पारूच म्हणाली.

आणि सुंदराताई! त्या बाईची बोटं बघावीत. दिवसभर अंगणवाडीत खिचडी ढवळतात, पोरांची नाकं पुसतात. तीच बोटं पडद्यावर गेली की पाणी होतात. ओंजळ भरताना करंगळी जराशी थरथरते, आणि खरंच वाटतं आता थेंब गळेल. चेहरा नाही, डोळे नाहीत, साडीचा रंग नाही. फक्त कड. आणि त्या कडेत सगळं! मी आजवर किती नवऱ्या बघितल्या, मेकअप केलेल्या, लाइट तोंडावर मारलेल्या. एवढं कोणी दिसलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि मला फोकस दिसेना. कॅमेरावालीने रडायचं नसतं हे आज शिकले.

पारू अडवणारा होते. पुरुषासारखं धोतर, हातात काठी. काठी वर उचलते तेव्हा सावली पार पडद्याच्या टोकाला जाते, आणि खाली सगळ्या बायका आखडतात. तो शॉट मला सगळ्यात जास्त आवडला. तोच कॅसेटचा जीव आहे.

आजी पूर्ण वेळ लाइटजवळ. पाटी लावणं, काढणं, सगळं वेळेवर. एकदाही मध्ये नाहीत.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक, पाय सुजले, घसा बसला. जय भीम. झोप.

१८ एप्रिल

आज गावात वीजच नव्हती. मला वाटलं, फेरा फुकट गेला. आजी म्हणाल्या, पडदा मावळतीकडं बांध. बांधला. ऊन कललं आणि पडद्यामागून सूर्य आला — अरे बापरे! हॅलोजन झक मारेल. सावल्या इतक्या धारदार की गोदूच्या नाकातली चमकी दिसली. पलीकडे सिद्धगड तांबूस झालेला, अलीकडे पडद्यावर ह्या बायका. ढोलकीची कॅसेट सेलवर लावली. मी नुसती बघत राहिले. रेकॉर्डचं बटण दाबायचं विसरले! कपाळावर हात मारला. मग बायकांनी कुरकुर न करता परत केलं.

आजींना ऊन तोंडपाठ आहे. म्हणतात, आता इथं उभी ऱ्हा, घटकाभराने तुझी सावली त्या दगडावर पडंल. आणि पडते! मी तीनदा पैज लावली, तिन्ही वेळा हरले. ही बाई सिनेमात जायला हवी होती. मोठमोठे लोक पगार देऊन ठेवतील असं माणूस आमच्या घरात भाकऱ्या भाजतंय.

फोकस लावायला कोणीतरी पडद्यामागे उभं राहायला हवं होतं. बायका पाणी प्यायला गेलेल्या. म्हटलं, आजी, जरा उभ्या राहा. तर नाही म्हणाल्या. नुसतं क्षणभर हो, हलायचंसुद्धा नाही. नाही. मी हाताला धरून नेऊ लागले तर हात सोडवून घेतला. "माझी नको पाडू त्याच्यावर," एवढंच म्हणाल्या. लाजल्या असतील. एवढी हुशार बाई आणि स्वतःच्या सावलीला लाजते! मग मी फोकस हंड्यावर लावला.

२५ एप्रिल

रत्नदीपने तालमीची कॅसेट बघितली. परत मागे घेऊन बघितली. मग म्हणाला, काठीचा शॉट चांगलाय. हा माणूस कोणाच्याही शॉटला चांगला म्हणत नाही. स्वतःच्यासुद्धा!

मी म्हटलं, सगळं आजींमुळे. तो हसला. म्हणाला, लहानपणी ती आम्हांला उन्हात खेळताना सारखी हाका मारायची — इकडून जा, तिकडून जा. आम्ही वैतागायचो.

२९ एप्रिल

उद्या.  बॅटऱ्या चार्ज केल्या, कॅसेट दोन घेतल्या. रत्नदीपने स्वतः लेन्स पुसून दिली आणि म्हणाला, हात थरथरला तर श्वास धरायचा. बरं झालं बोलला. मी तर आत्तापासूनच धरलाय.

१ मे

काल रात्री गावातच राहिले. आता घरी आलेय. काय आणि कसं लिहू. सुरुवातीपासूनच लिहिते.

पटांगण भरलं. वाडीतले, गावातले, सगळे. पुढच्या खुर्च्यांवर सरपंच, गुरुजी, आणि कमळाकर पाटील पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. शेजारी त्यांची आई, सरस्वतीबाई, आजींच्याच वयाच्या. त्यांना मुद्दाम उचलून आणलं होतं. वंदना झाली, भाषणं झाली. नाचाची वेळ आली, पडदा भिजवला — आणि वीज गेली! ढोलकीपण गेली, लाइटपण गेला. पोरं ओरडायला लागली.  संपलं म्हटलं. हळद गेली, कॅमेरा गेला, सगळं गेलं.

तर पाटलांचा प्रणित उठला. कमळाकर पाटलांचा मुलगा, मुरबाड लाइनला जीप चालवतो. म्हणाला, वहिनी, जीप लावू का मागं? जीवात जीव आला. जीप पडद्यामागे आणली, दिवे लावले. दोन दिवे, दोन सावल्या! पण आता मी शहाणी झाले होते. एका दिव्यावर गोणपाट बांधलं सुंभाने. दुसऱ्यापाशी आजींना बसवलं, हातात पत्रा दिला. नाच संपला की पत्रा दिव्यावर धरायचा, म्हणजे अंधार. ढोलकी एका पोराने खरीच वाजवली. कॅसेटपेक्षा बरी.

मी पडद्याच्या पुढच्या बाजूला, माणसांच्या मागे, बाकावर चढून. रेकॉर्ड दाबलं. लाल टिंब लागलं ते दोनदा बघितलं.

आणि काय नाचल्या! तालमीत एवढ्या कधी नाचल्या नव्हत्या. गोदूचा सासरा पुढेच बसलेला, आणि गोदूच सगळ्यात मोकळी! हंडे घेऊन एकामागून एक आल्या तेव्हा पटांगण चिडीचूप. जीपचा दिवा जोरदार, पडदा ओला, उजेड आरपार येऊन पुढच्या रांगांच्या तोंडावर पडलेला. बायकांच्या सावल्या पडद्यावर आणि पुसट पुसट लोकांच्या कपड्यांवरही. मी श्वास धरलेला. हात दगडासारखा स्थिर. इतकं सुंदर काही मी काढतेय यावर माझाच विश्वास बसेना.

पारूने काठी उचलली. माझा शॉट. बायका आखडल्या.

आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

आधी वाटलं दिवा गेला. नाही. कडेने उजेड होता. मधोमध एक भली मोठी बाई उभी. डोकं पडद्याच्या वर गेलेलं, खांदे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. काठी गेली, पारू गेली, सुंदराताईंची बोटं गेली. दोन्ही कडांना फक्त एकेक हंडा दिसतोय. सावली पडद्यातून खाली सांडली, पुढच्या सगळ्या खुर्च्या काळ्या. कमळाकर पाटलांचे पांढरे कपडे काळे, सरस्वतीबाईंचं तोंड काळं. कोणी हललं नाही. ढोलकीवाल्या पोराला काही दिसेना, तो आपला वाजवत राहिला.

डोक्यावरचा पदर, वाकलेला खांदा. मी ओळखलं. आजी!

चुकून आल्या असतील, आता हटतील. हटल्या नाहीत. अंग जरा सरळ केलं. तशाच उभ्या. मग सावकाश वळल्या आणि बाजूला झाल्या. मागे सुंदराताईंची ओंजळ तोवर वर गेली होती. नाच संपला. पत्रा वेळेवर लागला. अंधार.

टाळ्या एवढ्या पडल्या की शाळेचे पत्रे हलले. सगळे खूश. एक मी सोडून. सरस्वतीबाईंनी मला हाताने खुणावून जवळ बोलावलं. म्हणाल्या, छान झालं गो. ती मधी आली ती उंच बाई कोण? तिचं काम झकास झालं.

उंच बाई! माझ्या खांद्याएवढी आहे ती.

२ मे

आजींना बोलले. बोलायला नको होतं, पण राहवलं नाही. काल निघायच्या आधी घरामागे भांडी घासत होत्या, तिथे जाऊन म्हटलं, आजी, अख्ख्या जिल्ह्यात एक तुम्ही होता ज्या माझ्या लाइटात कधी आल्या नाहीत. आणि नेमकं काल? नेमका काठीचा शॉट?

वाटलं, वाईट वाटून घेतील. त्यांनी राखेचा हात तसाच धरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं —

"केवढी मोठी पडली, नाय?"

आणि हसल्या! तोंडात दात चार, पण इतकं मोकळं हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.  वय झालं म्हटलं. एवढा उजेड डोळ्यावर, गोंधळल्या असतील. निघताना माझ्या हातात आंबोशी बांधून दिली, रागावल्यासारखं काहीच नाही.

वाईट वाटतंय. एवढ्या हुशार बाईचं एकदम असं व्हावं.

५ मे

रत्नदीपने कॅसेट बघितली. सुरुवात बघून म्हणाला, हे तू काढलंस? मग आजी आल्या, आणि त्याचा चेहरा उतरला. कापता येणार नाही, कापलं तर नाच तुटतो. असंच पाठवलं तर मेळाव्याचे लोक म्हणतील, कॅमेऱ्यासमोर कोणीतरी आलं. म्हणाला, शॉट खराब आहे, रश्मी. खरं तेच बोलला. 

मग त्यानेच सुचवलं. रविवारी तो मोकळा आहे. आपण दोघं जाऊ, मावळतीच्या उन्हात परत काढू. तू काढ, मी हात लावणार नाही. तीही कॅसेट धरेन आपल्या अटीत. कधीकधी बरा वागतो. गावात दुकानावर फोन करून सुंदराताईंना निरोप दिला. बायका तयार आहेत.

आजींना फक्त लाइटपासून लांब ठेवायचं. ते मी सांगणार आहे, गोडीत.

८ मे

दुपारी आजी आल्या, एकट्या, कॅसेट बघायला. मी उद्याचं सांगितलं. उद्या तुम्ही नुसतं बसून बघायचं, असंही सांगितलं. बरं म्हणाल्या. तो भाग लावायला सांगितला. बघितला. परत लाव म्हणाल्या. परत लावला. मग टीव्हीवरची नजर न काढता बोलल्या —

"लगीन होऊन आले तवा मी बारा वरसांची. सासूसंगं पाटलाच्या खळ्यात झाडायला जायची. वैशाखात तिथं वाळवण असायचं. सासू सांगायची, चिमे, ऊन कुठून आलंय ते आधी बघ, मंग पाय टाक. एक दिवस माझी सावली पापडावर पडली. सरसू, ही कमळाकरची आई, राखणीला बसलेली, तीपण नवी नवरी, पोरच. ती वरडली. सगळे पापड गुरांपुढं टाकले, नि माझ्या सासूला त्या खळ्यात नाक घासायला लावलं. घरी येऊन ती मला एक शब्द बोलली नाय. तवापासून आवरून धरली, गो. त्या दिवशी सोडली."

रत्नदीप दारात उभा होता. त्यालाही हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्याने चप्पल घातली आणि दुकानावर फोन करायला गेला, की उद्या येत नाही, शूटिंग झालेलं आहे.

आणि मी दोन महिने ह्या वहीत लिहितेय, आजींना लाइट कळतो!

कॅसेट सोमवारी पाठवते. आहे तशी.